हळदीच्या रंगाची काच

द्रौपदाबाई उरकुडे यांच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. भाजी चांगली झाली तर ती मुकाट्यानं संपवायची, बिघडली तर मात्र बोलायचं. म्हणून जटपुरा गेटच्या सिग्नलवर जे झालं, ते घरी आल्यावर त्यांनी मुलाला एवढ्याच शब्दांत सांगितलं, "तुह्या बायकोनं गाडी थांबवली नाही."

गुणवंतला वाटलं, बायकोनं सिग्नल तोडला. तसं काही नव्हतं. सिग्नलवर तनुजा शिस्तीत उभी होती, आणि उभी असतानाच तिचं तोंड जळत होतं.

गाडी बाळंतिणीची होती. चांद्यात उरकुड्यांच्या चार गाड्या फिरतात. तीन वरातीला आणि सहलीला, पण नाव आहे ते चौथीचं. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी न्यायची तर उरकुडेबाईंची गाडी सांगायची, हा आता रिवाजच पडला आहे. पाचवी पुजेपर्यंत बाहेरच्या माणसाची नजर बाळावर पडू नये, असं इकडे मानतात. म्हणून त्या गाडीच्या काचांना हळदीत बुडवलेलं मलमलचं फडकं लावायचं, चालवायला बाई, आणि शेजारच्या सीटवर मांडीवर पानाचा डबा घेऊन खुद्द द्रौपदाबाई. वाटेत बाळ रडलं तर कसं धरायचं, बाळंतिणीनं काय खायचं, सासू नीट वागत नसेल तर तिला काय ऐकवायचं, हे सगळं भाड्यातच यायचं. पुढे छाया-काचा आल्या, ऊन पडलं की काच आपोआपच काळी व्हायला लागली, आणि फडकं राहिलं ते फक्त शकुनापुरतं.

त्या दिवशी सरकारच्या नव्या नियमाचा पहिला दिवस होता, आणि त्यापायी गाडीतलं फडकंही काढलेलं होतं. वैशाखाचं ऊन, गेटसमोर गाड्यांची रांग, सगळ्यांच्या काचा शाईसारख्या काळ्या. सिग्नलच्या खांबावर नियमासाठी बसवलेल्या पेटीनं कोणाला ऐकू न येणारी हाक दिली आणि साऱ्या चौकातल्या काचा एकदम पाण्यासारख्या स्वच्छ झाल्या. झोपलेल्या माणसांवरचं पांघरूण कोणी एका हिसक्यात ओढावं तसं. कोणी नाकात बोट घालून बसलं होतं, कोणी भांडत होतं, एक जाडा माणूस स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. मागच्या सीटवरच्या बाळंतिणीनं बाळ पदराखाली घेतलं. आणि तनुजानं दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट केले.

तिचा आजार असा की उजेड तिला चावतो. रक्तात लाल रंग तयार होताना मध्येच एक पदार्थ बनतो. तुमच्याआमच्या अंगात तो लगेच पुढच्या कामाला लागतो, तिच्या अंगात तो शिल्लक राहतो आणि रक्ताबरोबर कातडीखाली फिरतो. त्याच्यावर ऊन पडलं की तो उन्हातली शक्ती पितो आणि आजूबाजूच्या प्राणवायूला देतो, आणि तो पिसाळलेला प्राणवायू आतून कातडी जाळतो. बाहेरून फारसं दिसत नाही. थोडी सूज, थोडी लाली. आत मात्र उकळतं तेल ओतल्यासारखी आग, आणि ती पुढे दोन-तीन दिवस विझत नाही. लहानपणी शाळेत तिला नाटकी म्हणायचे, ते त्यामुळेच.

सिग्नल हिरवा झाला. द्रौपदाबाईंनी बाजूला पाहिलं तर सुनेचे ओठ पांढरे पडलेले. "बाजूले घे, थांब," असं त्या म्हणाल्या. तनुजानं मागच्या आरशात बाळाकडे पाहिलं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाली, "आई, तिचे टाके ताजे आहेत. उन्हात गाडी उभी नाही ठेवता येत." मग राजुऱ्यापर्यंत एकही खड्डा तिनं बाळंतिणीला कळू दिला नाही. बाळ घरात गेलं, तुकडा ओवाळून झाला, तेव्हा कुठे ती गाडीमागे जाऊन खाली बसली आणि पाण्याच्या कॅनमध्ये तोंड बुडवलं.

हे सगळं द्रौपदाबाईंनी पाहिलं होतं. मुलाला सांगताना त्यांना एवढंच सुचलं, की गाडी थांबवली नाही.

आता यातली खरी अडचण सांगायची तर ती अशी, की हा नियम द्रौपदाबाईंनीच मागितला होता.

काळ्या काचांचं भांडण जुनंच आहे. पूर्वी लोक काचांवर काळी फिल्म चिकटवायचे आणि पोलीस चौकात उभे राहून नखांनी ती सोलून काढायचे. कोर्टानं बंदी घातली तरी पुढाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या भाच्यांच्या गाड्या काळ्याच. पुढे उन्हाळा असा वाढला, की एप्रिलमध्येच गाडीतला एसी हात टेकायला लागला. तेव्हा छाया-काच आली आणि सरकारलाही ती चालू द्यावी लागली. तिची गंमत अशी, की दोन काचांच्या मध्ये केसापेक्षा पातळ थर असतात. विजेचा हलका धक्का दिला की एका थरातले बारीक कण दुसऱ्या थरात शिरतात. लग्नघरात मांडवातल्या साऱ्या बायका एकदम माजघरात घुसल्या की माजघर कसं अंधारून येतं, तसं. उलटा धक्का दिला की बायका परत मांडवात आणि माजघर लख्ख. ऊन वाढलं की काच आपली आपण काळी, ढग आला की मोकळी.

मग ती भयंकर गोष्ट झाली. एका मुलीला हायवेवरून गाडीत घालून नेलं. तीन नाके लागले, तिन्ही नाक्यांवर पोलीस होते, आणि काळ्या काचेआडून ती सगळ्यांना पाहत होती, तिला कोणी पाहू शकत नव्हतं. ती बातमी ऐकून द्रौपदाबाईंच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. गावोगाव बायकांचे मोर्चे निघाले. चांद्यातल्या मोर्चात सर्वांत पुढे चौथी शिकलेल्या द्रौपदाबाई, हातात माईक, आणि मागण्या वाचून दाखवायला कोणी कागद दिला तर तो कमरेला खोचून स्वतःच्या मनानं बोलणाऱ्या. "ज्याले लपवाचं काही नाही त्याले काचेची काय लाज?" असं त्यांनी कलेक्टर कचेरीसमोर विचारलं होतं. त्यावर टाळ्या पडल्या होत्या आणि टीव्हीवालेही तेवढंच वाक्य दाखवत राहिले.

तेच नियमात उतरलं. चौकातल्या पेटीनं हाक दिली की प्रत्येक काच मोकळी झालीच पाहिजे, गाडी चौकाबाहेर जाईपर्यंत मोकळी राहिली पाहिजे. काचेवर काही चिकटवायचं नाही, काही टांगायचं नाही. गाडी चालवणाऱ्यानं तोंड झाकायचं नाही. आजारी माणसाला सूट होती, नाही असं नाही. पण ज्याला ती सूट, त्यानं मागच्या सीटवर बसायचं. इतका आजारी माणूस गाडी चालवत असेल, हे नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

म्हणजे तनुजासमोर दोनच वाटा होत्या. एक तर जळायचं, नाही तर स्टेअरिंग सोडायचं.

स्टेअरिंग तिला काय होतं, हे द्रौपदाबाईंना ठाऊक होतं. लग्नात तिची हळद दारं-खिडक्या लावून, गोधड्या टांगून झाली होती. पाहुण्या बायका कुजबुजल्या होत्या, की नवरीत काही खोट आहे काय. द्रौपदाबाईंनी त्यांना अशा काही शब्दांत गप्प केलं, की त्यातल्या दोघी जेवायलाच थांबल्या नाहीत. पुढे छाया-काच आली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पोर भर दुपारी घराबाहेर पडली. पहिल्या दिवशी ती वरोऱ्यापर्यंत उगाच गेली आणि परत आली. विचारलं तर म्हणाली, "पळस पाहून आले. फुललेला कधी दुपारचा पाहिला नव्हता." तेव्हापासून गाडीची किल्ली तिच्या मंगळसूत्राशेजारी गळ्यात असते.

गुणवंत खाणीत काम करतो, मनानं साधा माणूस. तो म्हणाला, आई, तुझी कलेक्टरपर्यंत ओळख आहे, आमदार तुला आत्या म्हणतो, एक शब्द टाक. आपल्या गाडीपुरती पेटीची हाक बंद करून देतील.

द्रौपदाबाई बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, की असाच शब्द टाकून ज्याच्या त्याच्या काचा काळ्या राहिल्या होत्या, म्हणून मी उन्हात चालली. आता माझ्या सुनेसाठी तोच शब्द टाकू?

स्वयंपाकघराच्या दारातून तनुजा म्हणाली, "नका टाकू, आई. नियम बरोबर आहे."

तिच्या गालांवर अजून ओली फडकी होती. त्या पोरीनं रडून, हट्ट करून मागितलं असतं तर द्रौपदाबाईंना रागवायला जागा झाली असती. ती मागतच नव्हती. याचा त्यांना फार राग आला.

मग आठवडाभर तनुजा फक्त ऊन उतरल्यावर गाडी काढायची. दुपारच्या बाळंतिणी दुसरीकडे जायला लागल्या. दवाखाना गेटच्या पलीकडे, घर अलीकडे, चौक चुकवून जायला वाट नाही. आणि एक दिवस घुटकाळ्यातल्या एका पोरीच्या आईचा फोन आला. मुलीला दुपारीच सोडताहेत, आम्हाला तुमच्याच गाडीतून न्यायचं आहे, तुम्हीच माझ्या थोरलीला नेलं होतं. तनुजा किल्ली घेऊन उभी राहिली.

द्रौपदाबाईंच्या मनात तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, इतकी वर्षं गाडीत हळदीचं फडकं होतं तोवर पोरीला काही झालं नाही. फडकं काढलं, चौकातल्या शंभर लोकांची नजर तिच्यावर पडली आणि ती जळाली. त्यांच्या हिशेबी हा सरळसरळ नजरेचा दाह होता. त्यांनी नवं मलमल घेतलं, दाट हळदीत दोनदा बुडवलं, वाळवलं आणि सुनेच्या बाजूच्या खिडकीला आतून टाचलं. तनुजानं कपाळाला हात लावला, हे बेकायदेशीर आहे म्हणून सांगितलं. पण दवाखान्यात बाळंतीण खोळंबली होती आणि सासूशी वाद घालून कोणी वेळेवर पोचल्याचं त्या घरात कोणाला आठवत नव्हतं.

गेटवर काचा मोकळ्या झाल्या. इन्स्पेक्टर पौर्णिमा मेश्राम स्वतः चौकात होत्या. उंच, सावळी, शांत बाई. त्यांनी ते पिवळं फडकं पाहिलं, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि दंडाची पावती फाडली. द्रौपदाबाईंना त्या ओळखत होत्या. मोर्चाच्या वेळी बंदोबस्ताला त्याच होत्या.

"मावशी, तुम्हीच?" एवढंच त्या म्हणाल्या.

द्रौपदाबाईंना आयुष्यात कोणी इतक्या थोड्या शब्दांत मारलं नव्हतं. त्या काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष सुनेकडे गेलं. तनुजा आरशात स्वतःकडे पाहत होती. समोरच्या काचेतून ऊन आलं होतं तो डावा गाल तापून लाल व्हायला लागला होता. फडक्याच्या बाजूचा उजवा गाल जसाच्या तसा होता.

"त्या गालाले नजर लागली नाही म्हणून," द्रौपदाबाई म्हणाल्या.

तनुजानं आरसा सरळ केला आणि गाडी दवाखान्याकडे काढली. पण त्या दिवसापासून ती गप्प गप्प झाली, आणि तिच्या गप्प बसण्यात काहीतरी शिजत असतं हे सासूला अनुभवानं माहीत होतं.

दोन दिवसांनी द्रौपदाबाई गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या तर जिन्याच्या सावलीत तनुजा बसलेली. तिनं दारातून फक्त डावा हात उन्हात काढला होता. मनगटापासून कोपरापर्यंत एकाच मलमलच्या पट्ट्या बांधलेल्या, एक निळी, एक हिरवी, एक पांढरी, एक हळदीची. कपाळावर घाम, दात आवळलेले, आणि नजर हातावर अशी, की शेगडीवरच्या दुधाकडे पाहावं.

द्रौपदाबाईंनी पापडाचं ताट तिथंच आपटलं आणि तिला ओढून आत घेतलं. मग जे बोलल्या ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं. मरायचं असेल तर माहेरी जाऊन मर, माझ्या गच्चीवर नको, इथपर्यंत त्या गेल्या. तनुजानं सगळं ऐकून घेतलं आणि पट्ट्या सोडून हात पुढे केला.

पांढऱ्याखाली लाल. निळ्याखाली जवळपास तेवढंच लाल, नीळ एवढी गडद असूनही. हिरव्याखाली थोडं. हळदीखाली काही नाही.

"आई, नजर नव्हती ती," ती म्हणाली. "पण तुमचं फडकं खरं होतं."

मग तिनं ते समजावून सांगितलं, आणि द्रौपदाबाईंनी चेहऱ्यावर काही न दाखवता शब्दन्शब्द ऐकला. उन्हात सात रंग असतात, हे तर इंद्रधनुष्य पाहिलेल्या कोणालाही माहीत. तिच्या रक्तातला पदार्थ सगळे रंग पीत नाही. त्याची भूक मुख्यतः एकाच रंगाची, जांभळ्याची, अगदी काठावरच्या. डॉक्टरांनी हे पूर्वीच सांगितलं होतं. पण जांभळा तेवढा वेगळा काढत बसण्यापेक्षा सगळा उजेडच बंद करायचा, हीच सगळ्यांची सवय, तिचीसुद्धा. हळद पिवळी का दिसते, तर ती जांभळा आणि निळा गिळून टाकते आणि बाकीचे रंग सोडते. नीळ उलटी, जांभळा ती बिनधास्त सोडून देते. म्हणून गडद निळ्याखाली जळतं आणि उजळ पिवळ्याखाली जळत नाही. बाळाला नजर लागू नये म्हणून कोण्या जुन्या बाईनं जे फडकं टांगलं, ते नेमका तिला जाळणारा रंगच अडवत होतं. त्या जुन्या बाईला हे माहीत नव्हतं. द्रौपदाबाईंनाही नव्हतं.

"आणि यात मुख्य गोष्ट ही," तनुजा म्हणाली. "माणसाच्या डोळ्याला जांभळा फार कमी दिसतो. पोलिसांचं यंत्र डोळ्यासारखं मोजतं. जांभळा सगळा काढून टाकला तरी त्याला काच उजेडाचीच वाटेल. मला अंधार नकोच आहे, आई. एक रंग तेवढा नको आहे."

द्रौपदाबाईंनी तिच्या हातावर लोणी लावलं. लावताना हात जरा दाबूनच लावला, कारण डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते रागाचं आहे असं दिसायला हवं होतं.

हळदीची काच करायची तर हळद चालणार नव्हती. ती उन्हात उडते, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. तनुजानं शोधून काढलं, की जिथं संगणकाच्या चिप बनतात त्या कारखान्यांत पिवळ्या उजेडाच्या खोल्या असतात, कारण तिथल्या रसायनालाही जांभळा-निळा उजेड सोसत नाही. तिथं खिडक्यांना लावतात तो पिवळा पडदा वर्षानुवर्षं उन्हात फिका पडत नाही. मग ती गेली शफीक कुरेशीकडे. शफीकभाई पूर्वी काळ्या फिल्मचे बादशहा होते. फिल्म गेली तेव्हा त्यांनी छाया-काचा दुरुस्त करायचं काम धरलं. त्यांनी साफ सांगितलं, ताई, काचेवर काही चिकटवायला सांगाल तर दुकानाचं शटर ओढून घेईन, एकदा पोळलोय. तनुजा म्हणाली, काचेवर नाही, काचेत. छाया-काचेची दोन तावदानं वेगळी करायची, मधे तो पिवळा ताव घालायचा आणि उष्णतेनं दाबून पुन्हा एकजीव करायची. शफीकभाईंनी दाढी खाजवली. पहिल्या दोन काचा तडकल्या. तिसरीत बुडबुडे राहिले. तरी ते आणि तनुजा दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत भट्टीपुढे बसून राहिले, आणि चौथी निघाली ती मधासारखी.

तनुजानं कोणापासून काही लपवलं नाही. गाडीला काचा बसवल्या आणि तपासणीला सरळ पोलीस मैदानावर नेली. भर दुपारी. द्रौपदाबाई शेजारी, नवी इरकल नेसून, पानाचा डबा मांडीवर.

मैदानावर बाकीचे गाडीवाले होतेच. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं मोठ्यानं विचारलं, की मोर्चावाल्या बाई आता सुनेसाठी काचा रंगवून आल्या काय. द्रौपदाबाईंनी मान वळवली. त्या माणसाच्या बापाच्या वेळेपासूनची सगळी माहिती त्यांच्या जिभेवर आली, आणि त्यांनी ती गिळली. आज बोलायची पाळी त्यांची नव्हती.

मेश्राम मॅडमनी पेटीची हाक देऊन काच मोकळी केली, तिच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डबी धरून यंत्र लावलं. समोरच्या काचेला उजेडाचे शंभरातले सत्तर भाग यायला हवेत, बाजूच्यांना पन्नास. यंत्रावर दोन्हीकडे त्याहून पुष्कळ जास्त आकडा आला. त्यांनी पुन्हा मोजलं. काच काळी होऊ दिली, पुन्हा हाक दिली, ती क्षणात मोकळी झाली. पिवळी, पण आरपार. आतल्या सीटच्या शिवणीसुद्धा दिसत होत्या.

"नियमात बसतंय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी तनुजाकडे पाहिलं, मोज्याच्या काठाशी दिसणाऱ्या डागांकडे पाहिलं. त्यांनी तो आजार वाचून काढला होता हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, की काचेचा माझा प्रश्न सुटला, तुमचा सुटलाय का? उद्या चौकात तुम्हाला त्रास होऊन गाडी कोणावर गेली, तर मी हे स्टेअरिंग तुमच्या हातात कसं राहू दिलं, असं मला विचारतील.

प्रश्न रास्त होता. त्याला डॉक्टरांचा कागद पुरला नसता.

तनुजानं ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार लावलं, खाली उतरताना गुंडाळलेला स्कार्फ काढला, हातमोजे काढले आणि बाह्या वर केल्या. "काच मोकळी ठेवा," ती म्हणाली. "तुमची खात्री होईपर्यंत."

शफीकभाईंनी काचा केल्या खऱ्या, पण त्या अंगावर घेऊन अजून कोणी पाहिल्या नव्हत्या. भट्टीच्या खोलीत ऊन नव्हतंच, आणि मैदानापर्यंतच्या वाटेत पेटी नव्हती, काच काळीच राहिली होती. पट्टीएवढ्या हातावर पाहणं वेगळं आणि आख्खं तोंड सूर्यासमोर धरणं वेगळं. हे द्रौपदाबाईंना त्याच क्षणी उमगलं. त्यांनी दार उघडून तिला बाहेर काढायला हात लांबवला, आणि तो तसाच मागे घेतला. मग वळसा घालून त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

मैदानावरचं ऊन काचेतून आत आलं. गाडीभर पिवळा उजेड पसरला. तो तनुजाच्या कपाळावर, गालांवर, उघड्या दंडांवर पडला. द्रौपदाबाई एकटक पाहत होत्या. गटरच्या झाकणासारखी तापलेली सीट, कपाळावरून ओघळणारा घाम, आणि त्या फक्त एकच गोष्ट शोधत होत्या, तिच्या ओठांचा रंग.

बाहेरचे लोक आधी हसत होते, मग एकेक करून सावलीला गेले. मेश्राम मॅडम मात्र टोपी सारखी करत उन्हातच उभ्या राहिल्या.

"कसं वाटते वं?" शेवटी द्रौपदाबाईंनी विचारलं.

तनुजा समोर पाहत होती. "गरम होतंय," ती म्हणाली. "नुसतं गरम, आई. सगळ्यांना होतं तसं."

आणि ती रडायला लागली. उन्हात बसून घामाघूम व्हायचं सुख काय असतं, हे त्या मैदानावरच्या कोणालाही कळलं नसतं. द्रौपदाबाईंना कळलं. त्यांनी पानाचा डबा उघडला, त्यात पाहिलं, आणि काही न घेताच बंद केला.

मेश्राम मॅडमनी खिडकीत वाकून किल्लीकडे बोट दाखवलं. "चालवा," म्हणाल्या. "आणि ताई, ती काच कोण करतो ते मला लिहून द्या. हा आजार असलेला आणखी कोणी तरी जिल्ह्यात असेलच. तो अंधारात का बसावा?"

पुढचं सांगायचं तर शफीकभाईंच्या दुकानावर आता पिवळी पाटी आहे. दुरून दुरून लोक येतात, आणि येणाऱ्यांत बरेचसे असे असतात, की संध्याकाळ झाल्याशिवाय गाडीतून खाली उतरत नाहीत. जाताना मात्र दुपारीच जातात. तनुजा त्यांना आधी हाताची पट्टी बांधून पाहायला लावते, मगच काच देते. प्रत्येकाचं रक्त सारखं नसतं, असं ती सांगते. द्रौपदाबाई काउंटरवर बसून येणाऱ्यांना पाणी देतात आणि विचारलं नसतानाही सांगतात, की हे सगळं आमच्या घरच्या हळदीमुळे झालं. शोध सुनेनं लावला, हे वाक्य त्या दुसऱ्या कोणाला तरी म्हणू देतात.

फक्त एकदा त्यांच्याकडून चूक झाली.

पिवळ्या काचांची पहिलीच फेरी. घुटकाळ्यातल्या त्याच बाईची पुतणी बाळंतीण, भर दुपार, जटपुरा गेट. पेटीनं हाक दिली. चौकातल्या काचा मोकळ्या झाल्या, पण बाकीच्या गाड्या पांढऱ्या उन्हात करपत उभ्या होत्या आणि एकच गाडी सोन्यासारखी दिसत होती. आत बाळाच्या दुपट्यावर, आईच्या पदरावर, सगळ्यांवर हळदीचा उजेड. तनुजाचं तोंड उघडं, केस मोकळे. शेजारच्या रिक्षातले लोक वाकून पाहायला लागले. मोटरसायकलवरच्या दोघांनी हेल्मेट वर केलं. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. इतक्या लोकांनी इतक्या उजेडात तनुजाला कधी पाहिलं नव्हतं. ती गडबडली. जन्मभराच्या सवयीनं तिचा हात ओढणीकडे गेला.

ज्या बाईनं उभा जन्म दुसऱ्यांच्या लेकरांच्या नजरा उतरवण्यात घालवला, त्या बाईनं तिचा हात धरला.

"राहू दे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पाहू दे त्याईले. पाहासारखीच हाय तू."

तनुजानं वळून पाहिलं. द्रौपदाबाई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या.

"सिग्नल हिरवा झाला," त्या म्हणाल्या. "चाल आता. मागं बाळ हाय."